'सागरास' शिकवताना : ब्रायटनच्या किनाऱ्यावरचा विद्यार्थी आणि आपल्या वर्गातली मुलं



स्वातंत्र्यवीर सावरकरांची 'सागरास' ही कविता आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. मंगेशकर भावंडांच्या आवाजात ती घराघरांत पोचली. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला शाळाशाळांतून ती समूहगीत म्हणून म्हटली जाते. मुलं चाल छान धरतात, टाळ्या मिळतात. पण गाणं संपल्यावर पाचवी-सहावीच्या मुलाला एवढंच विचारून बघा : हा माणूस समुद्राशी का बोलतोय? तो बसलाय कुठं? तिथं गेला कशाला होता?

एक उत्तर येतं, "अंदमानच्या तुरुंगात होते." दुसरं येतं, "बोटीतून उडी मारली तेव्हा." बाकीची मुलं गप्प. मोठ्या माणसांना विचारलं तरी पुष्कळदा हीच उत्तरं मिळतात.

कविता या दोन्ही घटनांच्या आधीची आहे. ती डिसेंबर १९०९ मधली. मार्सेय बंदरातली उडी ८ जुलै १९१० ची, आणि अंदमानचा तुरुंग त्याच्या पुढच्या वर्षीचा, १९११ चा. कविता सुचली तेव्हा सावरकर तुरुंगात नव्हते. शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेला सव्वीस वर्षांचा तरुण लंडनजवळच्या ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी आला होता. समोर पाणी होतं, आणि त्याला घराची आठवण आली. पाठाची सुरुवात इथून केली तर पुढचं सगळं मुलांना आपोआप कळत जातं.

आणि आपल्या चकलांब्यासारख्या गावात ही कविता डिसेंबरातच शिकवावी, असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण लेखात पुढं येईलच. वर्ग पाचवी ते सातवी, तासिका तीन, साहित्य म्हणजे जगाचा नकाशा, दोरा, खडू आणि पाण्याचं एक घमेलं.

तासिका पहिली : आधी गोष्ट सांगा

कविता लगेच उघडू नका. पुस्तकं बंद. आधी त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगा.

विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म २८ मे १८८३ चा, नाशिकजवळच्या भगूर गावातला. शाळा नाशिकला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. पुढे बॅरिस्टर व्हायला लंडनला जायचं ठरलं. लोकमान्य टिळकांनी शिफारस केली आणि शामजी कृष्णवर्मांच्या योजनेतली शिष्यवृत्ती मिळाली. ९ जून १९०६ रोजी मुंबईहून 'पर्शिया' नावाच्या बोटीनं ते निघाले. वय तेवीस. मागं पत्नी यमुनाबाई, तान्हा मुलगा प्रभाकर, थोरले बंधू बाबाराव, धाकटा भाऊ नारायण. आई-वडील तर लहानपणीच गेलेले.

इथं थांबा आणि मुलांना विचारा, "तुमच्या घरातून कोण कोण बाहेरगावी शिकायला गेलंय? जाताना घरात काय काय झालं?" डब्बा, पिशवी, स्टँडवर सोडायला गेलेली माणसं, "पोचल्यावर फोन कर" हे सगळं मुलं सांगतील. मग सांगा, की तेव्हा फोन नव्हता. लंडनहून टाकलेलं पत्र बोटीनं यायचं. खुशाली कळायलाच आठवडे लागायचे, आणि उत्तर पोचायला पुन्हा तेवढेच.

लंडनमध्ये सावरकर हायगेट भागातल्या 'इंडिया हाऊस'मध्ये राहत. हिंदी विद्यार्थ्यांसाठी शामजींनी काढलेलं ते वसतिगृह. पण ते नुसतं राहण्या-जेवण्याचं ठिकाण नव्हतं. इंग्रजांचं राज्य घालवायचं कसं, याच्या सभा आणि चर्चा तिथं चालत. त्यामुळे पोलिसांची नजर कायम.

मग १९०९ साल उजाडलं. फळ्यावर हे साल मोठ्या अक्षरात लिहा आणि खाली एकेक गोष्ट मांडत जा :

- चिमुकला प्रभाकर वारला. वडील लंडनला असतानाच.
- जून महिन्यात थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सरकारला राजद्रोही वाटलेल्या कविता छापल्याचा आरोप होता.
- १ जुलैला मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्यानं लंडनमध्ये कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. १७ ऑगस्टला धिंग्रांना फाशी झाली.
- सावरकरांनी कायद्याची परीक्षा पूर्ण केली होती, तरी 'ग्रेज इन' या संस्थेनं त्यांना बॅरिस्टरीची सनद दिली नाही.
- इंडिया हाऊस मोडलं. राहायला जागा मिळेना. हिंदी क्रांतिकारक म्हटल्यावर खोली द्यायला घरमालक तयार होत नसत.

मुलांना आता एकच प्रश्न विचारा : "असं सगळं झाल्यावर तुम्ही काय केलं असतं?" जवळजवळ सगळा वर्ग एका आवाजात सांगतो, "घरी आलो असतो!" मग तुम्ही सांगा, की घरी येणंच अवघड होतं. परतलं की पकडले जायची धास्ती होती. शिक्षण झालं होतं पण सनद हाती नव्हती, घर होतं पण जाता येत नव्हतं. इथं पहिली तासिका संपवा. मुलांना त्या अवघडलेपणात एक रात्र राहू द्या.

एक सूचना. वायलीच्या खुनाबद्दल मुलं "बरं केलं" किंवा "का मारलं?" असं काहीही म्हणतील. दोन्ही ऐकून घ्या. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दलही जाणत्या माणसांत मतभेद आहेत, आणि ते वरच्या वर्गांत नीट अभ्यासायचे. प्राथमिकच्या वर्गात आपल्यासमोर एक कविता आहे आणि ती सुचली तेव्हाचा एक तरुण आहे. तेवढ्यावरच लक्ष ठेवलं तर पाठ भरकटत नाही.

तासिका दुसरी : ब्रायटन हे कसलं गाव?

लंडनच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर ब्रायटन आहे. १८४१ मध्ये तिथं रेल्वे पोचली आणि लंडनच्या माणसांना तासा-दीड तासात समुद्र गाठता येऊ लागला. शनिवार-रविवार आला की धुरानं भरलेल्या लंडनमधून माणसं गाडी भरभरून ब्रायटनला जात. आपल्याकडं पुण्या-मुंबईची माणसं सुट्टीला अलिबाग-काशीदला जातात, तसंच. तब्येत बिघडली की डॉक्टरही सांगत, समुद्राची हवा घेऊन या. सावरकरही त्या दगदगीनंतर विसाव्यासाठीच तिथं आले होते.

गावाचं वर्णन मुलांपुढं उभं करायला पुढच्या गोष्टी उपयोगी पडतात.

किनारा : आपण चित्रात पाहतो तसली मऊ वाळू तिथं नाही. सगळा किनारा गोल गोट्यांचा. लाट मागे जाताना गोटे एकमेकांवर घासून खळखळ आवाज करतात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हळूहळू हलवा, मुलांना आवाज कळेल.

धक्का : समुद्रात आत गेलेला, खांबांवर उभा असलेला लांबलचक धक्का. त्यावर खेळ, दिवे, खाण्याची दुकानं. सावरकर गेले तेव्हा ब्रायटनचा 'पॅलेस पिअर' नवाच होता. तो १८९९ मध्ये खुला झाला. किनाऱ्यालगत छोटी विजेची रेल्वेसुद्धा धावत होती, १८८३ पासून. नवल म्हणजे सावरकरांचा जन्मही त्याच वर्षीचा.

राजवाडा : हा भाग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. ब्रायटनच्या मध्यभागी 'रॉयल पॅव्हिलियन' नावाचा महाल आहे. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज, तेव्हाचा युवराज, त्यानं तो १८१५ नंतरच्या काही वर्षांत जॉन नॅश या वास्तुकाराकडून नव्यानं घडवून घेतला. आणि बाहेरचं रूप कसं? घुमट, मिनार, जाळ्या, कमानी. सगळं हिंदुस्थानी थाटाचं! विचार करा, घरच्या आठवणीनं कासावीस झालेला एक हिंदी विद्यार्थी ब्रायटनला उतरतो, तर त्या गावात इंग्रज राजानं हौसेनं बांधलेले हिंदुस्थानी घुमट. घुमट आपल्याकडचे, पण घर मात्र इथून हजारो किलोमीटर लांब.

चंपीवाले : ब्रायटनला येणारे सावरकर हे काही पहिले हिंदी गृहस्थ नव्हते. त्यांच्या कितीतरी आधी पाटण्याचे शेख दीन मोहम्मद तिथं स्थायिक झाले होते. वाफेचं स्नान आणि चंपी यासाठी त्यांचं स्नानगृह एवढं नावाजलं, की राजाची चंपी करण्याचा मानही त्यांना मिळाला. १८५१ मध्ये ते ब्रायटनलाच वारले. आपण केसांना लावतो त्या 'शाम्पू'चं नाव या 'चांपणे', 'चंपी'वरूनच इंग्रजीत गेलं, हे सांगितल्यावर वर्गात हमखास हशा पिकतो.

पुढची एक गोष्टही सांगण्यासारखी. सावरकर येऊन गेल्यानंतर पाच वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं. तेव्हा याच महालात जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ काढण्यात आलं. तिथल्या इस्पितळांत दगावलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन ब्रायटनबाहेरच्या टेकडीवर झालं. त्या जागी 'छत्री' नावाचं पांढरं स्मारक आहे, १९२१ पासून. 'छत्री' हा आपलाच शब्द इंग्रजांनी तिथं जसाच्या तसा ठेवला. परत येऊ न शकलेली माणसं त्या गावानं आणखीही पाहिली, एवढं मुलांच्या मनात राहिलं तरी पुरे.

आता डिसेंबर. ब्रायटनला या महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडं मुलं शाळेतून घरीही पोचलेली नसतात, तेवढ्यात तिथं अंधार पडायला लागतो. मुलांना गणित घाला : ब्रायटनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं. तिथं दुपारचे चार, तर चकलांब्यात किती? रात्रीचे साडेनऊ. किनाऱ्यावर तो विद्यार्थी बसला तेव्हा भगूरचं घर जेवणखाण आटोपून निजायच्या तयारीत असेल.

त्या वेळी सावरकरांसोबत निरंजन पाल होते. थोर नेते बिपिनचंद्र पाल यांचे ते चिरंजीव, वयानं विशीतले. पुढं ते नावाजलेले चित्रपट-लेखक झाले, 'अछूत कन्या'ची कथा त्यांचीच. किनाऱ्यावर बसल्या बसल्या सावरकर गुणगुणू लागले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ही आठवण निरंजन पाल यांनीच पुढे सांगितली. १० डिसेंबर हा त्या कवितेचा दिवस म्हणून सांगितला जातो. १९०९ च्या दिनदर्शिकेत तो शुक्रवार येतो. म्हणजे सुट्टीसाठी येणाऱ्यांच्या गाड्या अजून यायच्या होत्या.

समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्र

आपल्या मुलांची खरी अडचण इथं आहे. मुंबईचा समुद्र चकलांब्यापासून रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या पुढं. वर्गातल्या बहुतेकांनी तो मोबाईलवर किंवा टीव्हीवरच पाहिलेला. मग "सागर" म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढं काय येणार?

आपल्याजवळ पैठणचा नाथसागर आहे. धरणाची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब. पैठणला नाथांच्या दर्शनाला गेलेल्या मुलांनी तो पाहिलेला असतोच. पाणी भरलेलं असताना पलीकडचा काठ नजरेला सापडत नाही, याची आठवण त्यांना करून द्या. मग सांगा : नाथसागराला पलीकडचा काठ आहे, तो फक्त दिसत नाही. समुद्रात बोट कितीतरी दिवस चालत राहिली तरी चहूकडं पाणीच. नाथसागराचं पाणी पिता येतं, समुद्राचं खारट. नाथसागर वारं सुटलं तर हलतो, समुद्र वारं नसतानाही थांबत नाही, भरती-ओहोटी रोज चालू. घमेल्यात पाणी घेऊन मीठ टाका, एका कडेनं हातानं लाट करा. एवढ्या साध्या कृतीनंही मुलं समुद्राच्या जवळ जातात.

नकाशावरचा दोरा

जगाचा नकाशा खाली अंथरा. एका मुलीला मुंबईवर बोट ठेवायला सांगा, एका मुलाला ब्रायटनवर. आता जमिनीवरून न जाता, फक्त पाण्यातून, दोरा नेऊन दाखवायला सांगा.

ब्रायटनसमोरचा समुद्र म्हणजे इंग्लिश खाडी. पलीकडं फ्रान्स. म्हणजे त्या किनाऱ्यावरून नाकासमोर बघितलं तर भारत नाही, फ्रान्स येतो. तिथून दोरा अटलांटिकमध्ये, खाली उतरून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात, मग १८६९ मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून तांबड्या समुद्रात, एडनवरून अरबी समुद्रात आणि मुंबईला. दोरा कुठंही तुटत नाही. इथं मुलांना सांगा : पाणी एकच आहे. ब्रायटनच्या गोट्यांना लागणारं पाणी फिरत फिरत मुंबईच्या किनाऱ्यालाही लागू शकतं. म्हणून तर तो समुद्राला विचारतोय. आगगाडीला किंवा डोंगराला तो हे विचारू शकत नव्हता.

दुसरा दोरा आपल्या घराजवळचा. भगूर दारणा नदीकाठी आहे. दारणा गोदावरीला मिळते. आणि गोदावरी नाशिकहून पैठण, तिथून आपल्या गेवराई तालुक्याच्या कडेनं, राक्षसभुवनावरून पुढं जाते. म्हणजे सावरकर लहानपणी ज्या नदीकाठी खेळले, तिचं पाणी आपल्या तालुक्यातून वाहत जातं. आणि गंमत बघा : गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास. पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि जवळजवळ १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ज्या मुलाला "नाशिक कुठं, इंग्लंड कुठं, आपण कुठं" असं वाटत होतं, तो आता नकाशावर वाकून बसतो.

तासिका तिसरी : आता कविता उघडा

आधी नावाकडं बघा. 'सागरास' म्हणजे सागराला. पत्रावर लिहितो तसं. आणि कवितेत हाक येते ती संबोधनाची. विभक्ती शिकवायला याहून सोपी जागा नाही. निर्जीव वस्तूला सजीव मानून बोलणं म्हणजे चेतनगुणोक्ती अलंकार, हेही इथंच सांगून टाका. मुलांना तो नवा नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशीण वाऱ्याला, पाखराला, नदीला सांगते, माझ्या माहेरी एवढा निरोप दे. तीच रीत इथं आहे.

मग कविता एकदा सावकाश वाचा. गाऊ नका, वाचा. चालीच्या जोरात अर्थ निसटतो. वाचून झाल्यावर ती एका भांडणाची गोष्ट म्हणून सांगा, मुलांना चटकन समजते.

समुद्र माझ्या आईच्या, म्हणजे मातृभूमीच्या, पायाशी नेहमी असायचा. मी त्याला रोज बघायचो. एक दिवस तो म्हणाला, चल, दुसरे देश बघू, जग किती तऱ्हेतऱ्हेचं आहे ते दाखवतो. आईचं काळीज शंकेनं धडधडलं. तेव्हा समुद्रानं शब्द दिला, मी याला लवकर परत आणून सोडतो. मी भोळा, विश्वास ठेवला. मलाही वाटलं, चार चांगल्या गोष्टी शिकून येईन, त्या आईच्या उपयोगी पडतील. पण आता माझी गत पिंजऱ्यातल्या पोपटासारखी, फासात अडकलेल्या हरणासारखी झाली.

पुढं तो सांगतो, इथं काय कमी आहे? आकाशात तारे पुष्कळ आहेत, इथंही मोठमोठे वाडे आहेत. पण मला माझ्या देशाचा तारा आणि आईची झोपडी प्यारी. मग राग येतो. तू फेसानं फसफसून हसतोस कशाला? तुझ्या लाडक्या नदीपासून तुझी ताटातूट झाली तर कसं वाटेल, तिची शपथ आहे तुला. इंग्रजांना भिऊन माझ्या आईला फसवतोस? लक्षात ठेव, तुला एका घोटात पिऊन टाकणारा अगस्ती ऋषी माझ्या देशात होऊन गेला आहे!

शेवटची ही धमकी मुलांना फार आवडते. अगस्तीनं समुद्र प्यायल्याची कथा त्यांना आधी माहीत नसेल तर सांगा. त्याखेरीज शेवट कळणार नाही. आणि नदीच्या शपथेपाशी आपली गोदावरी आठवून द्या.

'तळमळ' हा शब्द समजावताना शब्दकोश उघडू नका. आपल्याकडं म्हणतात ना, "करमत नाही"? "उचकी लागली, कोणीतरी आठवण काढतंय"? पाण्याबाहेर काढलेला मासा कसा होतो? या तीन गोष्टी सांगितल्या, की तळमळ कळते.

विचारण्यासारखे काही प्रश्न :

१. समुद्रानं काय कबूल केलं होतं? ते त्यानं पाळलं का?
२. वाडा सोडून झोपडी का आवडावी? तुमचं मत लिहा.
३. कवितेत राग, लाड, रडू आणि धमकी कुठं कुठं दिसते? त्या त्या ओळीला खूण करा.
४. समुद्राची बाजू काय असेल? समुद्राच्या वतीनं पाच ओळींचं उत्तर लिहा.
५. तुम्ही घरापासून लांब असाल तर कोणाशी बोलाल : रस्त्याशी, एसटीशी, चंद्राशी, की आणखी कोणाशी?

चौथा प्रश्न आवर्जून घ्या. यात घोकंपट्टी चालत नाही, मुलाला स्वतः विचार करावाच लागतो.

डिसेंबरातच का?

सुरुवातीला म्हटलं होतं तो मुद्दा आता. आपला बीड जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि गावंच्या गावं रिकामी होतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. डिसेंबरात आपल्या वर्गातली कितीतरी मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात. काही तर आई-बापाबरोबर फडावरच गेलेली असतात आणि त्यांची जागा वर्गात मोकळी असते.

म्हणजे या कवितेतलं मुख्य दुःख आपल्या मुलांना शिकवायची गरजच नाही. कोणीतरी "लवकर येतो" म्हणून गेलं आणि वाट बघणं मागं राहिलं, हे ती रोज जगतात. फरक एवढाच, की कवितेत मूल लांब गेलं आणि आई घरी राहिली. आपल्याकडं आई लांब आणि मूल घरी. वर्गात हा फरक कोणीतरी मूलच बोलून दाखवतं. आपण फक्त जागा ठेवायची.

पण जपून. काही गोष्टी पाळाव्यात :

- कोणत्याही मुलाला "तुझे आई-बाप गेलेत ना, तू सांग" असं म्हणून उभं करू नका. ज्याला बोलायचंय तो बोलेल.
- बोलण्यापेक्षा लिहायला द्या. "माझ्या रस्त्यास" किंवा "माझ्या एसटीस" असं पत्र. वाचून दाखवायची सक्ती नको. वही फक्त शिक्षकानं बघायची.
- मूल रडलं तर पाठ थांबवा, पाणी द्या, शेजारी बसा. "रडू नको" म्हणून दाबू नका. ज्याची कविता आपण शिकवतोय तोसुद्धा रडला होता, हे सांगितलं तरी मुलाला धीर येतो.
- लिहिलेलं पत्र पोचवता आलं तर उत्तमच. फोटो काढून आईच्या नाहीतर मुकादमाच्या मोबाईलवर पाठवता येतो. त्याआधी मुलाला विचारा.

पालकांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. जाताना मुलाला "लवकर येतो" असं मोघम सांगू नका. मुलाच्या लेखी 'लवकर' म्हणजे उद्या. "पाडव्याच्या सुमाराला येऊ" असं सांगा आणि दिनदर्शिकेवर त्याच्याच हातानं खूण करून घ्या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करा. रोज जमलं नाही तरी चालेल, पण कबूल केलेला चुकवू नका. कवितेतला सगळा राग पाळल्या न गेलेल्या शब्दाचा आहे, हे आपण मोठ्यांनीही वाचायला हवं. घरी राहिलेल्या आजीला सांगा, माहेरच्या ओव्या आठवत असतील तर नातवंडांना ऐकवा. शाळेतली कविता आणि घरातली ओवी एकाच जातीची आहे, हे त्यांना घरीच कळेल.

आणि ज्यांची मुलं शिकायला बाहेर जाणार आहेत त्यांनीही मुलांना हा पाठ वाचायला द्यावा. आज आपल्या भागातली मुलं पुण्या-संभाजीनगरला जातात, शिष्यवृत्ती मिळवून परदेशीही जातात. लांब गेलं की पहिले काही महिने करमत नाही. त्यात कमीपणा नाही, आणि त्यासाठी शिक्षण सोडून यायचंही कारण नाही. बोलावं, लिहावं, कोणाजवळ तरी मन मोकळं करावं. ब्रायटनला सोबत निरंजन पाल होते, म्हणून ती आठवण आपल्यापर्यंत आली. लांबच्या गावी असा एक सोबती असणं फार मोलाचं.

पुढं काय झालं, हे सांगून पाठ संपवा

मुलं विचारतातच, "मग समुद्रानं त्यांना परत नेलं का?"

नेलं. पण कसं, ते सांगा. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली. खटल्यासाठी त्यांना बोटीनं भारतात पाठवलं. वाटेत मार्सेयला त्यांनी समुद्रात उडी मारली, पोहून फ्रान्सचा किनारा गाठला आणि तिथं पुन्हा पकडले गेले. जुलै १९१० मध्ये बोट मुंबईला लागली. ज्या मुंबईहून ते विद्यार्थी म्हणून निघाले होते, तिथंच कैदी म्हणून उतरले. दोन जन्मठेपा, मिळून पन्नास वर्षांची शिक्षा झाली आणि पुन्हा बोट, या वेळी अंदमानची. तिथं चहूबाजूंनी समुद्रच. १९२१ मध्ये अंदमानातून त्यांना परत आणलं, आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. रत्नागिरीही समुद्रकाठचंच गाव.

हे सगळं सांगून झालं, की कविता पुन्हा एकदा म्हणायला घ्या, आता चालीवर. तेच गाणं, तीच मुलं, पण आवाज बदललेला असतो. तो बदल ऐकला की मूल्यमापनाची वेगळी चाचणी घ्यायची गरज राहत नाही.

तुमच्या वर्गात या डिसेंबरात करून पाहा. समुद्राच्या वतीनं मुलांनी काय काय उत्तरं लिहिली ती जपून ठेवा. पाडव्याला आई-वडील गावात परतले, की पालकसभेत त्यांना वाचायला द्या.